पडदा कमी बघा, वादक जास्त बघा : अ‍ॅनिमे संगीताच्या ऑर्केस्ट्रा कॉन्सर्टला पहिल्यांदा निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

साठ-सत्तर वादक समोर बसलेत, मागे भलामोठा पडदा आहे, आणि जे संगीत आजवर रात्री पांघरुणात इअरफोन लावून ऐकलं ते आता छातीवर आदळतंय. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनचे चित्रपट आणि मालिका; त्यांच्या संगीताची ऑर्केस्ट्रा कॉन्सर्ट ही अशी गोष्ट आहे. कोल्हापुरात अ‍ॅनिमे बघणारी पोरं-पोरी आता राजारामपुरीपासून विद्यापीठाच्या हॉस्टेलपर्यंत सगळीकडे सापडतात, पण एवढा मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायचा तर बहुतेक वेळा मुंबईची वाट धरावी लागते. म्हणजे तिकीट, प्रवास, घरच्यांची परवानगी आणि पुष्कळ पैसे, हे सगळं एका संध्याकाळसाठी. ती संध्याकाळ वाया जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

सगळ्या लेखात माझं म्हणणं एकच आहे. या कार्यक्रमाला पडदा बघायला जाऊ नका. पडद्यावरची दृश्यं घरी फोनवर आहेतच, पुन्हा पुन्हा बघता येतात. त्या वादकांचे हात मात्र त्या दोन तासांपुरतेच तुमच्यासमोर आहेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

पायरी १ : कार्यक्रम नक्की कसला आहे ते वाचा

जाहिरातीत ‘अ‍ॅनिमे कॉन्सर्ट’ एवढंच मोठ्या अक्षरात असतं. त्याखाली चार वेगवेगळे प्रकार असू शकतात आणि अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पहिला प्रकार म्हणजे अख्खा चित्रपट पडद्यावर चालू असतो, संवाद आणि आवाज मूळचे, फक्त संगीताचा ट्रॅक काढून टाकलेला, आणि ते संगीत ऑर्केस्ट्रा तिथल्या तिथे वाजवतो. दुसऱ्यात एखाद्या मालिकेतले निवडक प्रसंग जोडून दाखवतात आणि त्यावर एकेक रचना वाजते. ‘नारुतो’ किंवा ‘अटॅक ऑन टायटन’सारख्या लांबलचक मालिकांना हा प्रकार सोयीचा पडतो. तिसऱ्यात पडदा नसतोच, नुसतं संगीत. चौथ्यात मंचावर मेणबत्त्यांसारखे दिवे मांडलेले असतात आणि चारच वादक असतात : दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. त्याला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. ऐकायला तोही सुंदर असतो, पण तो ऑर्केस्ट्रा नव्हे. कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून जायचं आणि ढोल, तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं, समूहगान यांची अपेक्षा धरून बसायचं, तर आधी वादकांची संख्या शोधा. ती कुठेच लिहिलेली नसेल तर आयोजकांना मेल करून विचारा. उत्तर आलं नाही तर मी तरी पैसे घालणार नाही.

आणखी दोन ओळी शोधायच्या. ‘अधिकृत’ किंवा ‘परवान्याने’ असं काही लिहिलंय का, कारण पडद्यावरची दृश्यं दाखवायला हक्क लागतात आणि ते नसतील तर पडद्यावर नुसते रंगीत दिवे फिरतात. आणि गायक येणार आहेत की गाण्याची चाल वाद्यांवर वाजणार आहे. मालिकेच्या सुरुवातीचं (ओपनिंगचं) गाणं मूळ आवाजात ऐकायला मिळेल अशी समजूत करून गेलेले लोक हमखास हिरमुसतात.

नवख्या माणसाने पहिल्यांदा कुठला प्रकार निवडावा? दुसरा. निवडक प्रसंगांच्या कार्यक्रमात दोन रचनांच्या मध्ये टाळ्या होतात, वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर वळून अभिवादन करतो, उसंत मिळते. अख्ख्या चित्रपटात गोष्ट तुम्हाला ओढून नेते आणि अर्ध्या तासात समोर माणसं वाजवतायत हेच विसरायला होतं.

पायरी २ : खुर्ची

महाग म्हणजे चांगली हे इथे खरं नाही. अगदी पहिल्या दोन-तीन रांगांतून तुम्हाला पुढच्या व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात, आणि मागचे हॉर्न, बासून ही फुंकवाद्यं आणि टिंपनी हे मोठे ढोल वाजवणारे कुणीच दिसत नाहीत. आवाजही एका बाजूचा जास्त येतो. तळमजल्यावर घ्यायची तर मधल्या रांगांपासून मागे घ्या. त्याहून चांगली जागा म्हणजे बाल्कनीची पहिली रांग, मधोमध. तिथून अख्खा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा पसरलेला दिसतो आणि सगळा आवाज एकजीव होऊन येतो. बहुतेक ठिकाणी ती स्वस्तही असते.

मध्यभाग मिळाला नाही तर डावी बाजू घ्या, म्हणजे मंचाकडे तोंड केल्यावर आपल्या डाव्या हाताची. पियानो असेल तर तो बहुतेक वेळा मध्यात किंवा डावीकडे ठेवतात आणि वादकाचे हात त्या बाजूनेच दिसतात. अ‍ॅनिमे संगीतात पियानोचं काम मोठं असतं. ‘स्पिरिटेड अवे’ हा चित्रपट एकट्या पियानोच्या मोजक्या सुरांनी उघडतो, आणि तिथे हात दिसणं आणि न दिसणं यात फार फरक आहे.

बाल्कनीच्या छज्जाखालच्या शेवटच्या रांगा टाळा. वरच्या छतामुळे तिथे आवाज दबतो.

तिकीट काढल्यावर त्याचा क्यूआर कोड स्टेटसला टाकू नका. कोडचा फोटो ज्याच्याकडे आहे तो तुमच्या आधी दारात पोचू शकतो. ग्रुपवर ‘एक तिकीट जास्तीचं आहे’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडूनही घेऊ नका.

पायरी ३ : जाणं आणि विशेषतः येणं

मुंबईत अशा मोठ्या कार्यक्रमाला साजेशी सभागृहं मोजकी आहेत. नरिमन पॉइंटला नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचं (एनसीपीए) जमशेद भाभा थिएटर, साधारण अकराशे खुर्च्यांचं. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचं ग्रँड थिएटर, दोन हजारांचं. काही कार्यक्रम मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्येही होतात.

जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. रात्री साडेआठ-नऊच्या दरम्यान शाहू महाराज टर्मिनसवरून निघते आणि सकाळी सीएसएमटीला सोडते. दिवस मोकळा मिळतो, आंघोळ, जेवण, थोडी झोप होते. सीएसएमटीहून नरिमन पॉइंट टॅक्सीने जवळ आहे. बीकेसीला भुयारी मेट्रो जाते.

खरी अडचण परतीची आहे. महालक्ष्मी मुंबईहूनसुद्धा रात्री साडेआठच्या सुमारासच सुटते. सातचा कार्यक्रम साडेनऊपर्यंत चालतो. म्हणजे त्याच रात्री ती गाडी मिळणं अशक्य. तिचं आरक्षण सवयीने करून बसाल आणि मग मध्यंतरातच उठावं लागेल. दोनच वाटा उरतात. एक, उशिराची स्लीपर बस. पण ती कुठून आणि किती वाजता सुटते ते बघून, कार्यक्रम संपल्यापासून किमान दीड तासाची मोकळीक ठेवून तिकीट काढा, कारण हजार-दोन हजार लोक एकदम बाहेर पडले की टॅक्सी मिळायलाच वेळ लागतो. दोन, रात्री नातेवाइकांकडे मुक्काम आणि सकाळी पावणेनऊच्या सुमाराची कोयना एक्सप्रेस, जी रात्रीपर्यंत कोल्हापुरात पोचवते. माझं मत मुक्कामाच्या बाजूने. कार्यक्रमात शेवटची, सगळ्यात आवडती रचना बहुतेक वेळा जाहीर कार्यक्रम संपल्यावर, टाळ्यांच्या आग्रहाखातर वाजते. बसच्या धास्तीने नेमकी तीच चुकते.

कुणी गाडी घेऊन निघणार असेल तर कराड-कोल्हापूर पट्ट्यातल्या रस्त्याच्या कामाचा वेळ वेगळा धरा. दुपारी दोनच्या आत मुंबईत असलेलं बरं. आणि कार्यक्रम जाहीर झाला की तिकिटाबरोबरच रेल्वेकडेही बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारच्या महालक्ष्मीत जागा लवकर भरतात.

पायरी ४ : घरच्यांशी बोलणं

‘कार्टूनच्या गाण्यांसाठी मुंबई?’ हा प्रश्न येणारच. वाद घालू नका, ऐकवा. तुमचे आई-बाबा ज्या वयाचे आहेत त्यांनी १९९३ च्या सुमारास रविवारी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ पाहिलेलं असतं. ती मालिका जपानी होती, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ ची. आपल्याकडचं हिंदी शीर्षकगीत तेवढं गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं. म्हणजे अ‍ॅनिमे त्यांच्या घरी तुमच्या आधी पोचलंय. युगो साको यांनी केलेला भारत-जपान सहकार्यातला रामायणाचा अ‍ॅनिमेटेड चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्या थिएटरांत पुन्हा लागला होता. त्याचं संगीत वनराज भाटियांचं, आणि भाटिया पाश्चात्त्य संगीत रीतसर शिकलेले. ज्यांच्या घरात देवल क्लबच्या मैफिलींना जाणारं कुणी आहे त्यांनी तर त्यांनाच बरोबर चला म्हणावं. गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा, अल्लादिया खाँसाहेबांचं हे गाव. तास-दोन तास एका जागी बसून सूर ऐकायची सवय कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मधला वॉल्ट्झ (नाचाची पाश्चात्त्य चाल) एकदा घरच्या मोठ्या स्पीकरवर लावून बघा. माझा अनुभव असा की ज्यांनी हा चित्रपट कधी पाहिला नाही तेही दुसऱ्या मिनिटाला हातातलं काम ठेवतात.

लहान मुलं न्यायची असतील तर वयाची अट तिकिटावर बघा. काही सभागृहं सहा वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत.

पायरी ५ : महिनाभर आधीपासून कान तयार करणं

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या दृष्टीने तिकिटाइतकीच ही महत्त्वाची.

तुम्हाला ते संगीत ‘माहीत’ आहे असं तुम्हाला वाटतं. खरं तर तुम्हाला तो प्रसंग माहीत आहे, आणि संगीत त्याला चिकटून आलंय. ‘नारुतो’तला सासुके निघून गेला, ‘अटॅक ऑन टायटन’मधला एर्विन घोडा दामटत गेला, ‘स्पिरिटेड अवे’मधली चिहिरो पुलावर श्वास धरून चालली. डोळ्यांनी पाहिलेलं आठवतं आणि चाल मागे कुठेतरी वाजत असते. कॉन्सर्टमध्ये हे उलटं व्हायला हवं. म्हणून महिनाभर ती रचना चित्राशिवाय ऐका.

संगीतकार जो हिसाइशी यांचं उदाहरण घ्या. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या ‘नाऊसिका’ या चित्रपटासाठी त्यांनी १९८३ मध्ये आधी एक ‘इमेज अल्बम’ केला. चित्रपट आला १९८४ मध्ये. म्हणजे चित्रं पूर्ण व्हायच्या आधी, नुसत्या कल्पनेवर आणि रेखाटनांवर ते संगीत उभं राहिलं होतं. पुढेही त्यांच्या कितीतरी कामांत हीच पद्धत राहिली. त्या संगीताला पडद्याचा टेकू मुळातच लागत नाही. त्याहून मागे जायचं तर १९७७ मध्ये ‘स्पेस बॅटलशिप यामातो’च्या संगीताचा सिंफनिक सुइट निघाला, हिरोशी मियागावा यांचा. मालिकेचं पार्श्वसंगीत वेगळं काढून, पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहून, स्वतंत्र ऐकण्यासाठी विकायचं, ही वाट जपानमध्ये त्याने रुंद केली. आजच्या कॉन्सर्ट त्याच वाटेवरच्या.

आता करायचं काय. कार्यक्रमात कुठल्या मालिका किंवा चित्रपट आहेत ते बघून सहा-सात रचना निवडा. जास्त नको. प्रत्येक रचना तीनदा ऐका, पण तीन वेगळ्या पद्धतींनी. पहिल्यांदा सलग, डोळे मिटून. दुसऱ्यांदा फक्त खालचा आवाज धरून : चेलो, डबल बास, तळाशी काय चाललंय. वरची चाल आपोआप ऐकू येतेच, तळ मुद्दाम ऐकावा लागतो. तिसऱ्यांदा चाल कुठून कुठे जाते त्याचा माग घ्या. आधी पियानो, मग बासरी, मग सगळी व्हायोलिन, मग पितळी वाद्यं. प्रत्येक जण ती उचलतो आणि तिचा रंग बदलतो. वर सांगितलेल्या वॉल्ट्झमध्ये हे फार स्वच्छ ऐकू येतं. तीनाचा ठेका आहे, दादऱ्याच्या तीन-तीन मात्रा मोजता येणाऱ्याला तो लगेच पकडता येईल. सगळ्या चित्रपटभर तीच एक चाल कधी एकटी, कधी मिरवत, कधी घाबरलेली अशी परत परत येते.

ऐकायला रेकॉर्डिंग कुठलं घ्यायचं? शक्यतो ऑर्केस्ट्राचंच. हिसाइशींनी लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिकबरोबर केलेला, २०२३ मध्ये डॉइच ग्रामोफोनने काढलेला अल्बम सहज मिळतो. २००८ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात, मियाझाकींबरोबरच्या कामाच्या २५ वर्षांनिमित्त झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण तर पाहायलाच हवं. सुमारे दोनशे वादक आणि आठशे गाणारे. स्वतः हिसाइशी कधी उभे राहून ऑर्केस्ट्रा चालवतात, कधी पियानोशी बसतात.

प्रत्येक संगीतकाराचा कान वेगळा तयार करावा लागतो. हिरोयुकी सावानो यांचं ‘अटॅक ऑन टायटन’ ऐकताना समूहगान, इलेक्ट्रिक गिटार आणि तंतुवाद्यं एकावर एक रचलेली असतात. तिथे थर वेगळे करायचा सराव करा. ‘नारुतो’च्या संगीतात शामिसेन हे तंतुवाद्य आणि शाकुहाची ही जपानी वाद्यं रॉक बँडच्या शेजारी बसतात. शाकुहाची ही बांबूची उभी बासरी, तिची फुंक आपल्या कानाला परकी वाटत नाही. ‘डीमन स्लेयर’ युकी काजिउरा आणि गो शिइना या दोघांचं आहे. योको कान्नो यांचं ‘काउबॉय बीबॉप’ मात्र जॅझ, तिथे बिग बँडचे सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट राज्य करतात. ‘अकिरा’त, १९८८ च्या, बालीचं गामेलान, म्हणजे तिथल्या तालवाद्यांचा वृंद, ऐकू येतं. हे सगळं एकाच ‘अ‍ॅनिमे म्युझिक’ नावाखाली येतं, म्हणून कार्यक्रमात काय आहे ते आधी बघा म्हणतोय.

वाद्यांची नावं पाठ करायचा कंटाळा असेल तर तेही अ‍ॅनिमेतूनच शिका. ‘नोदामे कांताबिले’ संगीत महाविद्यालयातल्या मुलांची आणि त्यांच्या ऑर्केस्ट्राची गोष्ट आहे. ‘साउंड! युफोनियम’ शाळेच्या बँडची. त्यातला युफोनियम हा पितळी प्रकार आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्येही दिसतो, तसंच क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटही. वरातीत जवळून ऐकलेला ट्रम्पेट आठवा आणि मग तोच सभागृहात किती हळू वाजू शकतो ते ऐका.

पायरी ६ : कपडे आणि पिशवी

नेटके, आरामाचे कपडे पुरतात. सूट वगैरेची गरज नाही. एसी जोरात असतो, म्हणून शाल किंवा जाकीट घ्याच. कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश, करून जाणारे असतात आणि ते छान दिसतं, पण तलवार, कुनाई (निन्जांचा सुरा), काठी असलं काही दारातच काढून घेतात, आणि उंच विग घातला तर मागच्याला मंच दिसत नाही. कपाळावरची पट्टी किंवा टी-शर्ट एवढं पुरे. मोठी सॅक शक्यतो नेऊ नका. खाऊ आत चालत नाही, तेव्हा आधी पोटभर खा. बिल, ओळखपत्र, तिकीट फोनवर असतं, म्हणून पॉवर बँक. एवढंच.

पायरी ७ : आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं

अर्धा तास आधी खुर्चीत असा. वेळ झाल्यावर दार बंद होतं आणि उशिरा आलेल्याला एखादी रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागतं. पण लवकर जाण्याचं खरं कारण वेगळं आहे : कार्यक्रमाआधीचा मंच बघायला मिळतो.

वादक एकेक करून येतात, आपापलं वाजवून बघतात, सगळा गोंगाट. त्यात तुमच्या ओळखीच्या चालीचा एखादा तुकडा अचानक ऐकू येतो. या वेळात सर्वांत मागे, उंचावर, तांब्याच्या मोठ्या कढयांसारखे तीन-चार ढोल असतात, ती टिंपनी. तो वादक ढोलावर कान टेकवल्यासारखा वाकतो, बोटाने किंवा काठीने अगदी हलकं टिचकावतो, पायाने पेडल दाबतो, पुन्हा ऐकतो. हलगीवाला जाळावर हलगी धरून, वाजवून बघून, पुन्हा धरतो, तसंच हे. फरक इतकाच की टिंपनीला ठरलेला सूर लावायचा असतो आणि कार्यक्रम चालू असताना, इतर सगळे वाजवत असताना, तो बदलायचाही असतो. त्याच्यावर थोडा वेळ नजर ठेवा.

मग दिवे मंद होतात. सगळ्यांत पुढचा, डावीकडचा व्हायोलिनवादक एकटा येतो. तो कॉन्सर्टमास्टर. त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. तो उभा राहून खूण करतो आणि ओबो नावाचं काळं, सडपातळ फुंकवाद्य एक लांब सूर धरतं. सगळा ऑर्केस्ट्रा त्या एका सुराला जुळतो. आपल्याकडे मैफिलीआधी तंबोरे लागतात त्या वेळची शांतता इथेही पाळायची. त्यानंतर कंडक्टर येतो, पुन्हा टाळ्या, आणि सुरू.

फोन बंद. सायलेंट नव्हे, बंद. अंधारात एका फोनचा उजेड दहा रांगांना दिसतो. चित्रीकरणाला मनाई असते ती दृश्यांच्या हक्कांमुळेही, आणि रक्षक खरोखर येऊन सांगतात. शेवटच्या रचनेला परवानगी देतात कधीकधी. दिली तर तेव्हा घ्या.

पायरी ८ : पडद्यावरून नजर काढणं

सुरुवातीची एक-दोन गाणी पडदा बघा, मन भरू द्या. आवडतं पात्र दिसल्यावर अंगावर काटा येणारच. तिसऱ्या रचनेपासून मात्र नजर मुद्दाम खाली आणा. डोळे आपोआप हलत्या प्रकाशाकडे जातात, त्यामुळे हे ठरवूनच करावं लागतं. सोपी युक्ती : प्रत्येक रचनेला एकच वादक किंवा एकच गट निवडा आणि शेवटपर्यंत त्याच्याकडे बघा.

पहिल्यांदा व्हायोलिन निवडा. सगळे गज एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली जातात. नीट बघितलंत तर दिसेल की दोघांत मिळून नोटेशनचा एक स्टँड असतो. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक क्षणभर थांबून पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. आपल्याला काहीही तुटलेलं ऐकू येत नाही. मग कधीतरी सगळे गज मांडीजवळ जातात आणि बोटांनी तारा छेडल्या जातात. ज्या हलक्या, पावसाच्या थेंबांसारख्या आवाजाला तुम्ही आजवर सिंथेसायझर समजत होतात तो कुठून येतो ते तेव्हा कळतं.

पुढे फ्रेंच हॉर्न. गोल गुंडाळलेली पितळी नळी, आणि वादकाचा उजवा हात तिच्या तोंडात आत घातलेला. त्या हातानेच सूर मऊ होतो. उडण्याचे, दऱ्याखोऱ्यांचे, निरोपाचे प्रसंग आठवा. त्यातला तो दूरवरून आल्यासारखा आवाज पुष्कळदा यांचाच.

कंडक्टरकडे बघायचं तर दोन हात वेगळे बघा. उजवा हात ठेका देतो. डावा हात वाढवतो, दाबतो, एखाद्या गटाला ‘आता या’ म्हणून बोलावतो. पडद्याबरोबर वाजवायच्या कार्यक्रमात त्याच्यासमोर एक छोटा मॉनिटर असतो. त्यावर तेच दृश्य चालू असतं, आणि वर रंगीत उभ्या रेषा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत असतात. रेषा पोचली की ठरलेली जागा आली. ठेक्याच्या जागी पांढरा ठिपका चमकतो. काही कार्यक्रमांत कंडक्टर आणि ड्रमवाल्याच्या कानात ‘टिक टिक’ असा क्लिक चालू असतो. तलवार पडद्यावर आदळते त्याच क्षणी झांजा आदळतात यामागे हे सगळं आहे. बाल्कनीतून हा मॉनिटर कधीकधी दिसतो. दिसला तर एक अख्खा प्रसंग नुसता त्याच्याकडे आणि त्या माणसाच्या हाताकडे बघा. पडदा धावतोय, थांबणार नाही, आणि सत्तर माणसांना त्याच्या पावलाला पाऊल लावून न्यायचंय, तेही यांत्रिक न वाटता. मला स्वतःला संपूर्ण कार्यक्रमात याहून थरारक काही वाटत नाही.

ड्रमचा सेट काचेसारख्या पारदर्शक भिंतीआड ठेवलेला दिसेल. तो आवाज बाकीच्यांच्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून. अशा कार्यक्रमांत बहुतेक वेळा सगळं माइकवरून, स्पीकरमधून येतं, त्यामुळे आवाज मोठा असतो. लहान मुलांसाठी कानात घालायचे बोळे न्या.

पायरी ९ : दाद

कोल्हापूरकर दाद हातचं राखून देत नाही, आणि अ‍ॅनिमेच्या कॉन्सर्टमध्ये ती हवीच असते. इथलं वातावरण शुद्ध पाश्चात्त्य मैफिलीपेक्षा मोकळं असतं. प्रत्येक रचनेनंतर टाळ्या, आरोळ्या, ‘वन्स मोअर’ सगळं चालतं. अट एकच, सूर संपू द्या. शेवटचा सूर थांबल्यावरही कंडक्टरचे हात वर असतील तर रचना अजून संपलेली नाही. हात खाली आले की मग शिट्टीसुद्धा मारा.

आवडतं पात्र पडद्यावर आलं म्हणून मध्येच ओरडू नका. नेमक्या त्या क्षणी कुणीतरी एकटा ओबो वाजवत असतो. त्याने ती ओळ कितीतरी दिवस घोटलेली असते.

रचना संपल्यावर कंडक्टर एकेका वादकाला उभं करतो. ज्याने एकट्याने मोठं काम केलं तो. तेव्हा टाळ्या वाढवा. कुणासाठी वाढवायच्या हे तुम्ही पडदा सोडून मंचाकडे बघत असाल तरच कळेल. व्हायोलिनवाले आपले गज स्टँडवर हलकेच आपटताना दिसले तर ती त्यांची सहकाऱ्याला दिलेली दाद.

मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं असतं. स्वच्छतागृहाची रांग मोठी असते, आधी तिकडे जा. टी-शर्ट, बिल्ले विकायला असतील तर ते मध्यंतरात घ्या. शेवटी गर्दी असते आणि हवा तो साइज संपलेला असतो.

तिकीट मिळालं नाही किंवा परवडलं नाही तर

तेही होतं, आणि त्यासाठी वर्ष वाया घालवू नका. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा एनसीपीएचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा २००६ मध्ये सुरू झाला, आणि त्याचे मुख्य हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये असतात. तिथे अ‍ॅनिमे नसेल, बीथोव्हेन असेल. जा. ‘इव्हँजेलियन’मध्ये बीथोव्हेनची नववी सिंफनी ऐकलेल्या माणसाला तो परका नाही, आणि ‘लेजेंड ऑफ द गॅलेक्टिक हीरोज’ पाहिलेल्याला माहलरही नाही. पुण्यात कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये छोट्या पाश्चात्त्य मैफिली होतात. कोल्हापूरहून सकाळी निघून रात्री परतता येतं, आणि छोट्या खोलीत चार वादक हाताच्या अंतरावर दिसतात.

इथे गावातही जमतं. सात-आठ जण मिळून एखाद्याच्या घरी चांगला स्पीकर आणा, बुदोकानचं चित्रीकरण लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एकेकाने एकेक वाद्य वाटून घ्या आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या वाद्याने कुठे काय केलं ते सांगा. पहिल्या वेळी मियाझाकींच्या घिबली स्टुडिओच्या संगीतापासून सुरुवात करा, ‘अटॅक ऑन टायटन’ दुसऱ्या बैठकीला. त्याचे थर सुटे करायला कान थोडा मुरलेला लागतो. आणि पुढच्या कार्यक्रमाची घोषणा झाली की याच सात-आठ जणांनी मिळून तिकिटं काढा, फक्त बाल्कनीच्या पहिल्या रांगेत सलग जागा मिळवायला विक्री उघडल्यावर पहिल्या तासातच बसावं लागतं.